दुधानंतरचे नऊ दिवस

अकरा मे, रविवार, सकाळी साडेदहा. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून घर भाड्याने द्यायचे ठरले. भाडे महिना पंधरा हजार, अनामत एक लाख, मुदत अकरा महिने, पटले तर पुढे वाढवायची. हजर माणसे पाच: मी, कंग्राळीहून आलेले माझे थोरले भाऊ अण्णा, भाडेकरू, त्यांच्या पत्नी आणि मधला एजंट. माझी बायको आत चहा करत होती, म्हणून तिला मी हजर धरलेले नाही. पुढे जे झाले ते तिथूनच सुरू झाले.

आम्हाला एक जूनला मस्कतला जायचे होते. मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत बावीस वर्षे हिशेब पाहिले. गेली चार वर्षे पगार जवळपास आहे तिथेच होता, आणि घराच्या कर्जाची अजून सहा वर्षे शिल्लक होती. मस्कतच्या एका कास्टिंग कंपनीत दोन वर्षांचे काम मिळाले. बायकोलाही नेता येत होते. दोन वर्षांत कर्ज फिटते, असे मी तिला कागदावर मांडून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे घरासाठी घर सोडायचं." मी म्हटले, हिशेब तसाच आहे.

घर फार मोठे नाही. तीस बाय चाळीस फुटांची साईट, खाली चार खोल्या, वर गच्ची. शेजारच्या घरात दोन माग चालतात. त्यांचा खडखडाट स्वयंपाकघराच्या भिंतीतून येतो आणि दुपारी वीज गेली की एकदम थांबतो, तेव्हा काहीतरी हरवल्यासारखे वाटते. बांधताना प्रत्येक गोष्टीत मी खर्च पाहिला. फक्त स्वयंपाकाचा कट्टा बायकोने तिच्या मनासारखा करून घेतला. तिची उंची चार फूट दहा इंच. माहेरी आणि नंतर भाड्याच्या तीन घरांत तिने खांदे उचलून, नाहीतर पाटावर उभी राहून पोळ्या लाटल्या होत्या. गवंडी म्हणाला, सगळे तेहतीस इंच ठेवतात. ती म्हणाली, "सगळ्यांनी ठेवू द्यात की. इथं मी उभारणार हाय." त्याने तिला पोळपाट-लाटणे घेऊन उभे केले, कोपराच्या खाली भिंतीवर खडूने रेघ मारली आणि कट्टा अठ्ठावीस इंचांवर बसवला. वर काळा कडप्पा. आलेल्या बायका वाकून बघायच्या आणि हसायच्या. माझी वहिनी तर दर वेळी म्हणायची, "काय गं, भातुकली मांडलीस व्हय?" ती म्हणायची, "मांडली. खेळायला या."

भाडेकरू चांगले मिळाले, हे आधीच सांगतो. ते बँकेत, निपाणीकडचे, बदली होऊन बेळगावात आलेले. घरात कन्नड, आमच्याशी मराठी, आणि दोन्ही सारख्याच सहजतेने. पत्नी उंच, शांत. आकडे ठरल्यावर त्यांनी जरा संकोचून विचारले, "सर, एक विनंती हाय. आमच्या मठाच्या स्वामींनी तेवीस तारीख काढून दिलीय. त्यानंतर महिनाभर चांगला दिवस न्हाय. तुमची हरकत नसंल तर दूध तेवढं उतू घालून जातो. सामान एक तारखेलाच आणतो."

आमच्या भागात घर भाड्याचे असले तरी आत राहायला जाण्याआधी तिथे दूध तापवून उतू घालतात. त्याआधी दुसरे काही शिजवत नाहीत. मी मनात मांडले: तासाभराचे काम, आपण तोवर इथेच आहोत, आपले काही जात नाही. म्हटले, "या की. आपलंच घर समजून या." अण्णांनीही मान हलवली. बायको चहा घेऊन बाहेर आली तेव्हा लोक उठायच्या बेतात होते. तारीख तिला मी संध्याकाळी सांगितली. ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

तेवीसला सकाळी ते दोघे आले. नवे पातेले, एक लिटर दूध, हळदी-कुंकू, स्वतःची एका बर्नरची शेगडी. बायकोने पहाटे उठून कट्टा घासून पुसून ठेवला होता. आमची शेगडी, कुकर, डबे सगळे उचलून तिने खाली फरशीवर ठेवले. त्या बाईंनी कट्ट्यावर हळदीकुंकवाची बोटे उमटवली आणि दूध चढवले. कट्टा त्यांच्या मांडीला लागत होता. जाळ कमी-जास्त करायला त्यांना पार वाकावे लागत होते. एकदा त्यांनी नकळत कमरेवर हात ठेवला. ते माझ्या बायकोने पाहिले आणि मीही पाहिले.

दूध वर आले, काठावर क्षणभर थांबले आणि पूर्वेच्या बाजूने ओघळले. "हालु उक्कितु!" त्या बाई लहान मुलीसारख्या आनंदून म्हणाल्या. पूर्वेला उतू जाणे फार चांगले. मग साखर घालून पहिली वाटी त्यांनी माझ्या बायकोपुढे धरली. "आक्का, आधी तुम्ही."

"मी कशी आधी? घर तुमचं," बायको म्हणाली. पण तिने वाटी घेतली, दूध संपवले, त्यांची ओटी भरली. सगळे रीतीप्रमाणे झाले. ते दोघे साडेनऊला गेले.

मी कामावर जाऊन संध्याकाळी परतलो तर कट्टा मोकळा. वाळलेल्या दुधाचा ओघळ तसाच होता. आमची शेगडी मागच्या खोलीत गेली होती. करारात ती खोली आमचे सामान ठेवायला आम्ही राखून ठेवली होती. खोक्यांच्या मध्ये, जमिनीवर बसून ती भाकऱ्या थापत होती.

"हे काय करालायस?"

"स्वयंपाक."

"हितं?"

"मग कुठं? तिकडं त्यांचं दूध उतू गेलंय. ज्याचं दूध त्याची चूल. त्यावर आता मी माझं पिठलं रटरटवत ठेवू काय?"

मी म्हटले, करार एक तारखेपासून आहे, कायद्याने आजही घर आपले आहे.

"कायदा तुमचा," ती म्हणाली. "जेवायला बसा."

तिथून नऊ दिवस आम्ही मागच्या खोलीत शिजवले आणि तिथेच जेवलो. ती रागावलेली नव्हती. राग असता तर मला बोलता तरी आले असते. ती स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा गेली नाही. एकदा मी हट्टाने कट्ट्यावर चहा केला आणि तिच्यासमोर कप ठेवला. तो गार होऊन गेला. मी तो ओतून टाकला आणि कट्टा पुसून ठेवला, पाहुण्याने पुसावा तसा.

मंगळवारी अण्णा देव न्यायला आले. आम्ही नसताना देव कंग्राळीत त्यांच्याकडे राहायचे होते. मागच्या खोलीतली शेगडी बघून त्यांनी मला बाजूला घेतले, पण आवाज काही बाजूला घेतला नाही.

"आपल्या दोघांच्या चुली येगळ्या झाल्या तवा आई दोन दिस जेवली न्हवती. आन् तू? तू तर नवरा-बायकोला घरात ठेवून चूल भाईर काढलास रं! लई हिशेबी म्हणं."

"अण्णा, तुम्ही बी हुता की त्या दिवशी. मान तुम्ही बी हलवलासा."

"मी चहाची वाट बघत हुतो."

आतून बायको म्हणाली, "भावजी, चूल एकच हाय. घर तेवढं दुसऱ्याचं झालंय." अण्णा हसले. गाडीत बसून त्यांनी देवांचा डबा मांडीवर घेतला.

मला त्या दिवसांत दोन गोष्टी एकाच वेळी वाटत होत्या आणि त्यांची वजाबाकी जमत नव्हती. पंधरा हजारांत हप्ता भागत होता. माणसे सज्जन होती, भिंतीला विचारल्याशिवाय खिळा ठोकणार नाहीत अशी. दिले ते चांगलेच केले. पण तेवीसच्या ऐवजी एक तारीख म्हणालो असतो, किंवा तिला आत जाऊन नुसते विचारले असते, तर शेवटचे नऊ दिवस ती तिच्या कट्ट्यापाशी उभी राहिली असती. शेजारचे माग ऐकत पोळ्या लाटल्या असत्या. घर एक तारखेला सुटणारच होते. ते तिच्या हातून मी नऊ दिवस आधी काढून घेतले, आणि त्याबद्दल कुणाकडून पैसाही घेतला नव्हता.

एकतीसला दुपारी तिने माझ्याकडे चार हजार पाचशे रुपये मागितले.

"कशाला?"

"नऊ दिवसांचं भाडं. दिवसाला पाचशे."

"कुणाचं भाडं?"

"आपलं. त्यांच्या घरात राहिलो की आपण."

सवयीने माझ्या तोंडून गेले, मे महिना एकतीसचा, भाग दिला तर थोडे कमी होतात. ती म्हणाली, "तीसनं भागा." मी पैसे काढून दिले.

संध्याकाळी ते दोघे किल्ल्या घ्यायला आले. मी कुठला नळ कसा बंद करायचा, मोटार किती मिनिटे चालवायची ते दाखवले. मग बायकोने पाकीट त्या बाईंच्या हातात ठेवले आणि काय आहे ते सांगितले. त्या दचकल्या. "आक्का, असं कुठं असतंय? मालकानं भाडेकरूला भाडं द्यायचं? न्हाय, आम्ही घेणार न्हाय." त्यांच्या नवऱ्यांनीही हात जोडले. उलट त्या नऊ दिवसांचे भाडे त्यांनीच आम्हाला द्यायला हवे, असे ते म्हणू लागले. पाकीट इकडून तिकडे दोनदा फिरले.

शेवटी बायको म्हणाली, "भाडं नको तर नको. कट्टा तुम्हाला बुटका पडतोय. त्या दिवशी बघितलं मी. कंबर धरंल तुमची. ह्यातनं वर घ्या, तेहतीस इंचावर. सगळ्यांचा असतोय तसा."

मी तिच्याकडे बघितले. "आणि आपण परत आल्यावर?"

"पाटावर उभी राहीन. आधी राहिलेच हुते की."

त्या बाईंनी पाकीट घेतले.

पहाटे चारला अण्णा गाडी घेऊन आले. गोव्याच्या विमानतळापर्यंत ते सोडायला येणार होते. मी सगळ्या खोल्यांतले दिवे तपासले. स्वयंपाकघरातला मीच बंद केला. ती बाहेर गाडीत बसली होती.

मस्कतला आम्हाला कंपनीचा फ्लॅट मिळाला. कट्टा तिथलाही उंच आहे. पंधरा जूनला निपाणीच्या बाईंचा फोटो आला: नवा कट्टा, कडप्पा तोच, खाली दोन थर विटा, त्यांच्या कोपराच्या बरोबर खाली. बायकोने फोटो मोठा करून खडूची रेघ कुठे दिसते का ते बघितले. भिंतीला रंग लावलेला होता. काम पाच हजार दोनशेला पडले, म्हणजे पाकिटातल्या पैशांपेक्षा सातशे जास्त. ते त्या स्वतः घालत होत्या. मी त्यांना जूनच्या भाड्यातून कापून घ्यायला सांगितले. गवंड्याला पाच हजार दोनशे, रोख, त्याच संध्याकाळी पोहोचले. आमच्याकडे जूनचे चौदा हजार तीनशे जमा झाले.