रबराच्या वाट्या आणि माझा दोर

सेलूला कापूस बाजाराच्या रस्त्यावर माझं दोरखंड आणि ताडपत्रीचं दुकान आहे, मागेच घर. नवरा गेल्यापासून मीच ते चालवते. इतक्या वर्षांत डोळ्यांना एक खोड लागली आहे. माणूस समोर आला की मी त्याचा चेहरा नंतर बघते, आधी त्याच्या गाडीवरचा बोजा बघते. गाठ कुठे मारली आहे, दोर कुठे ढिला आहे, हे मला गल्ल्यावर बसल्या बसल्या दिसतं, आणि ढिला दिसला की माझं डोकं फिरतं. शेजारचे दुकानदार म्हणतात, बाईला देवाचासुद्धा शक येतो. देवाचा येत नाही. बाकीच्यांचं मी काही बोलत नाही.

आमच्या बाजारात एक रीत आहे. ज्याने बोजा बांधला, त्याने तो तपासायचा नाही. बांधणाऱ्याला आपली गाठ नेहमी घट्टच वाटते, म्हणून दोर ओढून बघायचं काम दुसऱ्या हाताचं. त्याने ओढून ‘पक्कं हाय’ म्हटलं की गाडी हलते, आणि वाटेत काही सुटलंच तर जाब त्यालाच विचारतात. मी आजवर किती गाड्यांना ‘पक्कं हाय’ म्हटलं असेल, देव जाणे. त्यात एकदाच मनात खोट ठेवून म्हटलं.

माझी एकुलती एक मुलगी कोकणात समुद्राकाठच्या एका हॉटेलात नोकरीला होती. एक दिवस तिचा फोन आला, “आई, एकाला घेऊन यायलीय. बघून घे.”

“काय करतो?”

“लोकांना लाटेवर उभं राहायला शिकवतो.”

“आन् उभं राहून करायचं काय?”

“काय न्हाई. परत पडायचं.”

ती हसत होती. मला हसू आलं नाही. परभणी जिल्ह्यात लाट म्हटली की आम्हाला उन्हाचीच माहीत, आणि तिच्यात उभं राहायला कुणी शिकवणी लावत नाही. मुलगा नागपूरकडचा होता. समाज आमचाच निघाला, त्यामुळे नकाराचं एक आयतं कारण हातचं गेलं. मी म्हटलं, पेडगावला तुझ्या मामाला दाखवल्याशिवाय मी होकार देणार नाही. माझा थोरला भाऊ तिथे शेती करतो, आणि माझ्यापेक्षा एक काकणभर जास्तच संशयी आहे. त्याच्यावर माझी सगळी भिस्त होती.

दसरा होऊन गेला होता, बाजारात कापूस यायला लागला होता. सकाळी दहाच्या सुमारास एक लालभडक गाडी घरघरत माझ्या दुकानापुढे येऊन थांबली. गाडी इतकी बुटकी की तिचं टप माझ्या छातीपर्यंतही येईना. दोनच दारं आणि दोनच सीटा. टपावर चंदेरी पिशवीत गुंडाळलेलं, माणसापेक्षा लांब असं काहीतरी आडवं घातलेलं, आणि त्याच्या बाजूला दोन वल्ही बांधलेली.

समोरच्या आडतीतला मापाडी ओरडला, “ओ बाई, तुमच्या दारात मढं आणलंय का काय कुनी?”

आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून नेतात, आडवं नेत नाहीत, त्यामुळे हे मढं असलंच तर आमच्यातलं नाही एवढी तरी माझी खात्री होती. ती त्याची फळी निघाली. सर्फबोर्ड म्हणतात म्हणे. गाडीत हेल्मेटं, पाण्यात घालायची जाकिटं आणि कसल्या कसल्या पिशव्या कोंबलेल्या होत्या. माझ्या मुलीच्या पायाशीसुद्धा एक पिशवी होती.

तो उतरला, चपला बाहेर काढल्या आणि माझ्या पाया पडला. तेही नीट वाकून. त्यामुळे मला जास्तच शक आला. इतकं सरळ वागणारं माणूस काहीतरी लपवत असतं, हा माझा अनुभव.

“गाडी कुनाची?” मी विचारलं.

“माझीच, काकू. जुनी घेतली. दुरुस्तीही घरीच केली.”

“दोनच सीटा? उद्या लेकरंबाळं झाली तर ती कुटं बसवायची, टपावर?”

मुलगी म्हणाली, “आई, आधी घरात तर घे. आन् गाडीला इभूती लाव.”

दारात नवी गाडी आली की आम्ही तिला विभूती लावतो. आमच्याकडे ट्रकलाही लावतात, आणि कुठे, तर काचेच्या वर, गाडीच्या कपाळावर. मनात नव्हतं, पण रीत मोडायची नव्हती. मी विभूती पाण्यात कालवून त्या टपाच्या पुढच्या कडेवर तीन बोटं ओढली. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की त्या फळीखाली दोर कुठेच नाही. टपावर चार काळ्या रबराच्या वाट्या उपड्या घातलेल्या, त्यांच्यावर दोन दांड्या, आणि दांड्यांना पट्ट्याने आवळलेली फळी. वाट्या कशाला बांधलेल्या होत्या? कशालाच नाही.

“ह्या धरल्यात कशानं?”

“हवेनं, काकू.” त्याने एका वाटीच्या बाजूचा छोटा पंप बोटाने दाबून दाखवला. “आतली हवा काढली की वाटी टपाला चिकटून बसते. इथे नारिंगी पट्टा दिसायला लागला, तर समजायचं की ढिली पडली. फक्त खाली धूळ नको. ओल्या फडक्यानं पुसूनच लावायची.”

मी विभूतीची बोटं पदराला पुसली. पण ज्या माणसाचा सगळा संसार हवेवर चिकटवलेला आहे, त्याच्या हाती पोरगी द्यायची कशी, हे मला कळेना.

जेवताना मी त्याला आमच्या बाजारातली रीत सांगितली. टोमणा म्हणूनच सांगितली. तो हात थांबवून ऐकत राहिला आणि म्हणाला, “हे फार बरोबर आहे. मी नेहमी माझं मीच बघतो. आज निघताना तुम्ही ओढून बघा.” मला वाटलं, हा गोड बोलून माझ्या गळ्यात जबाबदारी बांधतोय.

दुपारी दोघं आडवी झाली. मला डोळा लागेना. हवा धरते म्हणजे धरते तरी कशी? मी बाहेर गेले. रस्त्यावर कुणी नव्हतं. पुढची उजवीकडची वाटी हलवून बघितली, हलेना. तिच्या कडेला रबराचा एक कान होता, तो नखाने उचलला. फस्स आवाज झाला आणि वाटी सुटली. तेवढ्यात घरात कडी वाजली. मी घाईघाईत वाटी परत दाबली, त्याने दाखवल्यासारखा पंप मारला, नारिंगी पट्टा आत गेला. फडकं मारायला वेळच मिळाला नाही. वाटी पहिल्या जागेवर बसली नव्हती, चार बोटं पुढे सरकली होती, आणि तिथे मी सकाळी ओढलेली विभूती होती. वाळून पांढरीफट्ट झालेली.

कडी काढून मुलगी बाहेर आली. “काय करायलीस, आई?”

“काय न्हाई. धूळ बसलीय लय.”

चार वाजता पेडगावला निघायचं ठरलं. गाडीत दोनच सीटा, तेव्हा मुलगी म्हणाली, “तू ह्यांच्यासंगं बस. मी आपल्या स्कूटीवर येते मागं मागं.” मला ते पथ्यावरच पडलं, कारण वाटेत त्याची उलटतपासणी करायची होती. बसायच्या आधी तो म्हणाला, “काकू, तुम्ही बघणार होतात ना?”

मी टपाशी गेले. चारही नारिंगी पट्टे आत होते. फळीला हात घालून ओढलं, घट्ट होती. त्याच वेळी सांगायला हवं होतं की ही एक वाटी मी काढली होती, पुन्हा पुसून लाव. तोंडाशी आलं होतं. पण मग हेही सांगावं लागलं असतं की पाहुणा झोपलेला असताना मी चोरासारखी त्याच्या गाडीला हात लावत होते. माझी मान खाली जायची ती मला नको होती.

“पक्कं हाय,” मी म्हटलं.

गाडीत बसणं म्हणजे जमिनीवर पाय पसरून बसणं. रस्त्यावरचा खडान्खडा कमरेला कळत होता. मी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. पाऊस असला की काय करता? समुद्र बंद असला की खाता काय? दारू? आधी कुठे लग्न ठरलं होतं का? तो प्रत्येकाचं सरळ उत्तर देत होता. माझं अर्धं लक्ष बाजूच्या आरशात होतं. त्यात मुलगी दिसत होती, निळी ओढणी डोक्याला गुंडाळलेली, आमच्या गाडीच्या अगदी मागे. मानवत रोड स्टेशन आलं की सांगू, मी मनाशी म्हटलं. मानवत रोड गेलं. पुढच्या गावाला सांगू. तेही गेलं. दरवेळी तोंड उघडलं की सांगायचं ते राहायचं आणि एखादा नवीन प्रश्नच बाहेर पडायचा.

पेडगाव दोन-तीन किलोमीटर राहिलं असेल. टपावर टक्‌ असा आवाज झाला. मग पुन्हा.

“थांबवा,” मी म्हणाले. “गाडी थांबवा. लौकर!”

त्याने गाडी बाजूला घ्यायला सुरुवात केली, तोवर फळीचं टोक वाऱ्याने वर उठलं. डोक्यावर फाडकन काहीतरी तुटलं. आरशात चंदेरी पिशवी हवेत उलटी होताना दिसली आणि तिच्यामागे निळी ओढणी दिसेनाशी झाली.

मला गाडीचं दारही उघडता येईना. मी नुसती ओरडत होते.

तो कधी उतरला, कधी पळाला, मला कळलं नाही. मी पोचले तेव्हा स्कूटी रस्त्याच्या कडेला तुरीत आडवी पडली होती आणि मुलगी बांधावर बसली होती. कोपर सोललं होतं, सलवार गुडघ्यावर फाटली होती, पण ती शुद्धीवर होती, बोलत होती. तिने वेळेवर हँडल वळवलं होतं. फळी तिच्या खांद्याजवळून गेली होती. तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसून तिची बोटं एकेक हलवून बघत होता. त्याची ती फळी मधोमध चिरली होती. तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तेव्हाही माझ्या मनात आलं, हा मला दाखवायला तर करत नाही ना. माझ्या मनाची मलाच शिसारी आली.

मुलीने मामाला फोन लावला. भाऊ यायला वेळ लागणार नव्हता. तो पोरगा गाडीपाशी गेला, दांडीला लोंबकळत असलेली वाटी त्याने हातात घेतली आणि उलटी केली. आत रबरावर तीन पांढरे पट्टे उमटले होते. माझ्याच बोटांच्या मापाचे.

त्याने पट्ट्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी नजर काढून घेतली. परत बघितलं तर तो शर्टाच्या टोकाने वाटी आतून पुसत होता. सगळी, नीट, कोपऱ्यापर्यंत.

भाऊ मोटरसायकलवर आला. भाचीचा हात बघून त्याचा चेहरा लाल झाला. “कुनी बांधलं व्हतं हे?”

“मी, मामा,” तो म्हणाला. “चूक माझी आहे. निघताना नीट बघितलं नाही.”

“ज्याला आपला बोजा सांबाळता येत न्हाई, त्याच्या हाती आमी पोरगी देयाची? बाई, चल. विषय संपला.” मग भावाला आठवलं. “आन् तू गं? तू तर गाडीतच व्हतीस. तू दोराच्या धंद्यातली, तू ओढून बघितलं न्हाईस?”

मला काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. मला जे पाहिजे होतं ते भाऊच करून देत होता, आणि पुरावा त्या पोराने स्वतःच्या हाताने पुसून टाकला होता. का पुसला, हेही मला कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसात शक घ्यायला जागा सापडेना, आणि मला रडू फुटलं.

“म्या बघितलं, अण्णा,” मी म्हणाले. “वाटी म्याच काढली व्हती, दुपारी. इभूतीवर लावली. मला म्हाईत व्हतं. म्हाईत असून पक्कं हाय म्हनले.”

‘चल’ म्हणून काढलेली किल्ली भावाने परत खिशात टाकली. तो पोरगा “काकू, जाऊ द्या” असं काहीतरी पुटपुटला. माझं लक्ष मुलीकडे होतं. मला वाटलं होतं ती रागावेल, ओरडेल. तिने कोपराला बांधलेली ओढणी दुसऱ्या हाताने धरली होती.

“आई,” ती म्हणाली, “मागं मी व्हते.”

एवढंच.

चिरलेली फळी पुन्हा टपावर घालायची होती. भावाच्या मोटरसायकलला दोर होता, माझ्याच दुकानातला. गाडीची दोन्ही दारं उघडून दोर आतून घेतला, आणि त्या पोराला मी कापसाच्या गाडीची गाठ शिकवली. त्याने ती दुसऱ्या खेपेला बरोबर मारली. सवयीने मी ओढून बघायला पुढे झाले. मुलगी बांधावरून उठून मध्ये आली.

“तू नगं. मी बघते.”

तिने एका हाताने दोर ओढला, दोनदा. मग ‘पक्कं हाय’ म्हणाली, आणि आम्ही पेडगावला गेलो.

लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. दोघं कोकणातच असतात आणि दिवाळीनंतर येतात, त्याच लाल गाडीत. टपावर आता वाट्याही असतात आणि वरून माझा दोरही. जावई माझ्याशी हसून बोलतो, दुकानात बसतो, गिऱ्हाइकांना गाठी मारून दाखवतो. मुलगीही बोलते. पण निघताना ती गाडीभोवती फिरून दोर एकटीच ओढून बघते. तेवढ्यापुरती मी दुकानात काहीतरी काम काढून बसते. ती मला हाक मारते का, याकडे माझे कान असतात. अजून तरी मारलेली नाही.