बाजाराच्या दिवशी चार गोळ्या

आईच्या हातापायांवर इसब. तीन वर्षं मलमं चोळली, लिंबाचा पाला झाला, कुणाच्या तरी सांगण्यावरून गोमूत्रही. शेवटी मी तिला सांगोल्याकडच्या आमच्या गावाहून सोलापुरात आणलं आणि नवी पेठेच्या मागच्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मेथोट्रेक्झेट दिलं. "हे मुळात सांध्यांच्या दुखण्याचं औषध. इसबासाठी म्हणून त्याला मंजुरी नाही, पण आम्ही वापरतो, गुण येतो. आठवड्यातून एकदाच चार गोळ्या. रोज नाही. जास्त झालं तर अंगावर येईल."

आता हे एवढं महत्त्वाचं वाक्य लिहिलंय कुठं? पाकिटातल्या घडीच्या कागदावर, मुंगीएवढ्या इंग्रजीत. आणि त्या कागदात इसबाचं नावच नाही! मराठी बाईनं वाचायचं काय? मेडिकलवाल्यानं पाकिटावर पेनानं रेघ ओढली नि म्हणाला, "सांगितलंय ना डॉक्टरांनी?"

मी आरोग्याची पत्रकं लिहिते, चौकात वाटते. लोकांना त्यांच्या जगण्यातली खूण द्या, हे इतरांना शिकवते. आईला वार लक्षात राहत नाहीत, बाजार राहतो. मी ऐटीत सांगितलं, "बाजाराच्या दिवशी घ्यायच्या. बास."

दोन महिन्यांत कातडी निवळली. मग मावशीचा पाय मोडला आणि आई तिच्याकडं करमाळ्याला गेली. तीन आठवड्यांनी फोन आला, तोंड आलंय, पाणीसुद्धा झोंबतंय. मी पहिल्या एसटीनं गेले.

"गोळ्या कधी घेतल्यास?"

"बाजाराच्या दिवशी की. तूच सांगितलं न्हवं?"

"अगं, इथला बाजार शुक्रवारी!"

"व्हय, मग शुक्रवारी घेतल्या. आन आपल्या गावचा आईतवारी आसतोय. त्यो नेम कसा मोडायचा? तवाबी घेतल्या."

खाटेवरून मावशी कौतुकानं म्हणाली, "लई नेमाची हाय तुजी आई. एकदाबी चुकू दिलं न्हाय."

मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आठवड्याला दोन बाजार, दुप्पट औषध, तेही तीन आठवडे.

सोलापुरात रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या. डॉक्टरांनी गोळ्या तिथल्या तिथं थांबवल्या, उतारा म्हणून दुसरं औषध दिलं, ताप आला तर थेट दवाखाना गाठायला बजावलं. मग माझ्याकडं बघितलं. "हे बाजाराचं कुणी काढलं?"

"मी."

घडीच्या कागदावर, मेडिकलवाल्यावर, खुद्द त्यांच्यावर मी एक अख्खं पत्रक मनात लिहून आले होते. ते मनातच घडी घालून ठेवलं. आई मात्र मधेच बोलली, "तिला नगा वरडू, डाक्टरसायब. गुण आला हुता की."

आठवड्यानं पेशी सावरल्या. तरी महिनाभर गोळी नाही आणि पुढं अर्ध्यानंच सुरुवात, असं ठरलं. आई गावी परतली. परवा फोनवर शेरडांचं बोलत होती, आणि तिच्या बोलण्यामागं बांगड्या एकसारख्या किणकिणत होत्या. खाजवत होती. एरवी मी लगेच ओरडले असते, नखं लावू नकोस म्हणून. या वेळी कळप कुठं चरायला नेलाय, तेवढं विचारलं.