शनिवारची चौकडी

नव्वदच्या सुरुवातीच्या वर्षांत मी रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात टायपिंग करायची. औद्योगिक वसाहतीत विजेच्या सोयीने सुट्ट्या वाटून दिलेल्या असत आणि आमच्या वाट्याला शनिवार आला होता. रविवारी सगळं रोहा मटणाच्या वासात घरी लोळत असायचं आणि मी डबा घेऊन कंपनीच्या गाडीची वाट बघत उभी. शनिवारी मी मोकळी, तर जग कामावर. मैत्रिणी होत्या, त्या अशाने एकेक करून सुटल्या.

त्यात मला लागलेलं वेड असं, की ते सांगायचीही सोय नव्हती. मी संगीत लिहीत असे. गाण्याचा गळा नव्हता, पेटी भजनापुरती यायची. पण एकदा रेडिओवर मुंबईहून चार तंतुवाद्यांचं काहीतरी लागलं. चौघे नुसते एकमेकांशी बोलत होते. कुणी कुणाची साथ करत नव्हतं, कुणी कुणाच्या पुढे धावत नव्हतं. मी हातातलं पीठ तसंच ठेवून ऐकत राहिले. असं बोलणं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. मला ते ऐकायचंच नव्हे, तर करायचं होतं. कसं, ते रोह्यात कुणाला विचारणार?

पेणला माझी आत्या राहायची. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या पाठच्या आळीत ते बेने इस्रायल म्हातारे हायत ना, ते मुंबईला स्टुडिओत फिडल वाजवायचे. त्यांना जाऊन विचार." कोकणातले हे ज्यू, त्यांची माणसं बहुतेक इस्रायलला निघून गेली होती. पेणला ते आणि त्यांची बायको एवढेच उरले होते.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला दुरुस्त केलं. "फिडल नाय गो. व्हायोला. फिडलसारखाच दिसतो, पण नवरदेवामागच्या करवल्यासारखा. फोटोत असतो, पण बघत कोणी नाय." वाद्य कपाटावर पेटीत होतं. वाजवून दाखवा म्हटलं, तर म्हणाले, "आज शनवार."

शनिवारी त्यांच्यात काम करायचं नसतं. चूल पेटवायची नाही, लिहायचं नाही, वाद्याला हात लावायचा नाही. त्यांची बायको, काकू, शुक्रवारी दिवस मावळायच्या आत चहा करून थर्मासात भरून ठेवी, तोच आम्ही शनिवारी प्यायचो. आणि मला सुट्टी शनिवारचीच. आत्या म्हणाली, "आंधळ्याची गाय आणि बहिऱ्याचा गुराखी." ही म्हण तिने स्वतःच बनवली असावी, पण चपखल होती.

तरीही मी जात राहिले, आणि शिकवणं झालं ते असं. पाश्चात्त्य संगीत लिहायची पाच रेघांची लिपी त्यांनी मला जुन्या छापील पानांवरून शिकवली, बोट ठेवून ठेवून. मग मी लिहिलेलं आम्ही ओट्यावर बसून वाचायचो. मोठ्याने नाही. गुणगुणायला बंदी नव्हती, पण गळा एक आणि सूर चार, कोंबणार कसे? ते मनातल्या मनात ऐकत पान वाचत, मी त्यांच्या बोटाकडे बघत राही. बोट सरळ चाललं तर ठीक. थांबलं की काहीतरी चुकलेलं. "इथं चौघं एकदम बोलायला लागलेत. कोणाचं ऐकू?" नाहीतर, "या बिचाऱ्या व्हायोलाला काय तरी दे गो. तासभर नुसता उभाच हाय." दुरुस्तीही ते लिहून देत नसत. मी ती डोक्यात धरून परतीच्या एसटीत लिहायची. वडखळ ते नागोठणे रस्ता असा की माझे सूर रेघेवरून घरंगळून खाली पडायचे.

काकू दारात येऊन बघे आणि म्हणे, "दोघं आज पण नुसतीच बसलीत." तिला काय सांगणार? त्या ओट्यावर मी जे ऐकलं ते पुढे कुठल्याच सभागृहात ऐकलं नाही. आणि ते ऐकणारं दुसरं माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच होतं. घरी आई पानं बघून म्हणे, "गाणं लिहितेस तर शब्द कुठंयत?" चौघांसाठी लिहितेय म्हटलं, तर बाबा म्हणाले, "म्हणजे चांडाळचौकडी." सगळे हसले, मीही हसले. नंतर मोरीत जाऊन रडले.

त्यांना वाजवताना मात्र मी कधीच ऐकलं नाही. आकाशात तीन तारे दिसले की त्यांचा शनिवार संपे, आणि माझी बस तारे दिसायच्या आत सुटे. तरण्या पोरीने अंधार करून यायचं नाही, हा आमच्या घरचा नियमही त्यांच्या नियमाइतकाच कडक.

मग त्यांच्या मुलाने त्यांना इस्रायलला बोलावून घेतलं. जायचं ठरलं तेव्हा गणपती होऊन गेले होते, पाऊस मात्र रेंगाळत होता. शेवटच्या शनिवारी मी घरी सांगून आले की उशीर होईल, पण रविवारी कामावर जायचं म्हणून आत्याकडे न राहता शेवटच्या बसने येईन. बाबा स्टँडवर येणार होते. माझं चौकडीचं काम पुरं झालं होतं आणि निदान व्हायोलाची ओळ तरी मला त्यांच्या हातून ऐकायची होती. बाकीच्या तिघांना मी मनात ऐकलं असतं. तेवढं तर त्यांनी शिकवलंच होतं.

आम्ही ओट्यावर बसलो आणि आकाश गच्च भरून आलं. एक तारा दिसेना. अंधार पडला, शेजारी दिवे लागले. काकू म्हणाली, "झाला असेल आता शनवार. काढा ना ते, पोरगी कधीची बसलेय." ते वर बघत राहिले. "दिसत नाय तवर शनवारच." मी घड्याळ बघितलं. मला ढगांचा राग आला आणि त्यांचाही आला. चारच तर मिनिटं वाजवायचं होतं, देव काय शिट्टी घेऊन बसलाय? मी तसं बोललेही. त्यांनी राग धरला नाही. माझ्याबरोबर नाक्यापर्यंत आले, छत्री धरून. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "कुठं तरी वाजेल हे. तेव्हा कळव. मी हाय." काकूने शुक्रवारीच लिहून ठेवलेला नंबर माझ्या पिशवीत होता. मी मान हलवली, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

ते गेल्यावर शनिवार नुसताच सुट्टीचा उरला. मी गावाबाहेर वरशाकडे फिरायला जायची आणि परत यायची. वाचून दाखवायला कुणी नाही म्हटल्यावर लिहिणंही आटलं. दोनेक वर्षं अशीच गेली. मग पेपरात वाचलं, मुंबईत एक परदेशी चौकडी येणार आहे आणि इथल्या तरुण संगीतकारांचं नवं काम वाजवणार आहे. मी पानं स्वच्छ उतरवून पाठवली आणि विसरायचं ठरवलं. त्यांनी माझं काम निवडलं.

कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी होता. निवडलेल्यांत माझ्याशिवाय दोघे होते, दोघांच्याही घरी लहानपणापासून पियानो. एकाला परदेशातली शिष्यवृत्ती मिळाली होती, दुसरा अर्ज करत होता. दोघे चांगले होते, मला मुद्दाम बोलण्यात ओढत होते. "तुझं पुढे काय?" एकाने विचारलं. मी म्हटलं, "उद्या सुट्टी आहे. परवा कामावर." त्याला तो विनोद वाटला.

मग ते चौघे बसले आणि माझं काम वाजलं. खरंच वाजलं. बाहेर, हवेत, दुसऱ्यांच्या कानांत. मी हातरुमालाला पीळ घालत बसले होते. टाळ्या झाल्या, मला उभं केलं गेलं, आणि मी सवयीने शेजारी बघितलं, बोट कुठे थांबलं ते बघायला. शेजारच्या खुर्चीवर माझीच पिशवी होती. इतकं एकटं मला रोह्यातही कधी वाटलं नव्हतं.

रात्र मुंबईतल्या मावशीकडे काढून सकाळच्या पॅसेंजरने रोह्याला उतरले ती घरी न जाता सरळ स्टेशनजवळच्या एसटीडी-आयएसडी बूथमध्ये शिरले. नंबर पाठ होता. लांबलचक खरखर झाली, मग पलीकडे घंटा जाऊ लागली. मी काय बोलायचं ते जुळवत होते. घंटा जात राहिली. आणि मग एकदम लक्षात आलं, आज शनिवार.

दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर समजण्यासारखं होतं. शनिवार म्हणजे काय ते मला त्या घराने शिकवलं होतं. तिकडे सकाळ असणार, थर्मास भरलेला असणार, आणि ते फोनशेजारी हात मांडीवर ठेवून बसलेले असणार. ते उचलणार नाहीत. दिसत नाही तवर शनवारच.

"उचलत नायत गो," बूथवाला म्हणाला. "घरी नसतील."

"आहेत," मी म्हटलं. आणि फोन खाली ठेवला नाही. कळव म्हणाले होते, आणि घंटा तर त्यांना ऐकू जातच होती. ती आपणहून बंद पडली तसा पुन्हा लावला. तेव्हा त्यांनी उचलला असता तर मला वाईटच वाटलं असतं.

रविवारी कामावरून येताना परत लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला. मी नाव सांगायच्या आतच त्यांचा आवाज आला, म्हातारा झालेला, पण तोच.

"व्हायोलावाला कसा होता गो?"