दारातला न जाणारा कोलम

त्या दिवसांत घरात आम्ही तिघं होतो. मी, माझा मुलगा व्यंकू आणि सून पद्मा. शेजारची कामाक्षी मामी आमच्या घरात नव्हती, तिच्या ओट्यावर होती. पण आमच्या घरात काय चाललंय ते आमच्याआधी तिलाच कळतं, म्हणून तिलाही धरा. आणि हे होते. म्हणजे हे जाऊन बरीच वर्षं झाली, पण रविवारी यांची तिथी होती, तेव्हा येणार होते.

तिथीआधी पुढची खोली पांढरी करायची असं व्यंकूनं ठरवलं. रंगारी नको, फोनवर बघून शिकलो म्हणाला. गुरुवारी दिवसभर रोलर फिरवला. भिंत बरी झाली. व्यंकू मात्र मिरवणुकीच्या हत्तीसारखा कपाळापासून कानापर्यंत रंगला.

संध्याकाळी तो रोलर कचऱ्यात टाकायला निघाला.

"टाकतोस?" मी विचारलं.

"धुवायला फार वेळ लागतो आई."

मी काय सांगू? कांजी पिऊन दिवस काढलेत मी. फाटक्या धोतराचं पायपुसणं, पायपुसण्याचं चुलीचं फडकं, आणि फडकं जळलं की त्या राखेनं भांडी. माझ्या हातातून वस्तू अशी सुखासुखी मरत नाही. रोलर ओढून घेतला आणि मागच्या पडवीत बसले. आधी उलथन्याच्या पाठीनं खरवडला. रंग किती निघावा? पातेलीभर! दाट, पांढराशुभ्र. तो मोरीत ओतायला जीव होईना. झाकून ठेवला. मग पाणी नितळ येईपर्यंत रोलर धुतला, पिळला, लोकर चपटी होऊ नये म्हणून उभा वाळत ठेवला. व्यंकू म्हणाला, "आई, फोनमध्येसुद्धा असंच दाखवतात." (शाळेत मी तिसरीपुढे गेले नाही. फोन कितवीपर्यंत गेला माहीत नाही.)

आता शुक्रवारी आमच्याकडे, म्हणजे तमिळ मुलखात, दारात ओला कोलम घालतात. तांदूळ भिजवून वाटायचे, त्यात चिंधी बुडवायची, बोटांतून धार सोडत रांगोळी काढायची. तांदूळ कशाला, तर मुंग्यांनी खावेत. ते वाटण मी गुरुवारीच करून ठेवलं होतं. तसल्याच पातेलीत. त्याच पडवीत. पुढचं तुम्ही ओळखलंत. मी नाही ओळखलं.

शुक्रवारी उजाडता उजाडता चष्मा न लावता मी कोलम घातला. वासानं कळायला हवं होतं म्हणाल, तर सगळं घरच रंगानं घमघमत होतं. पुढची खोली नवी झाली म्हणून हात जरा मोकळा सोडला. दार झालं, ओट्याची कड झाली, पायरी झाली. असा कोलम माझ्या हातून लग्नाकार्यातही उतरला नव्हता.

मामी तमिळमध्ये बोलते, मी आपल्या मराठीत सांगते. ती म्हणाली, "काय गं, स्टिकर लावलास?"

स्टिकर! आळशी बायकांचा कागदी कोलम! मी तिच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही. मग तीच बोलली.

"तुझ्या कोलमावर एक मुंगी नाही."

"येतील."

"आत चालल्यात सगळ्या. उंबऱ्यावरून रांग आहे बघ."

रांगेमागून मी आत गेले. भिंतीचा एक कोपरा राहिला होता, तो व्यंकूनं सकाळी दुसऱ्या पातेलीतून रंगवून टाकला होता. पांढरा कोपरा आता काळा होता आणि हलत होता.

"रंग पातळ झालाय असं वाटलंच मला," व्यंकू म्हणाला.

पद्मानं भिंतीला बोट लावलं, चाटलं आणि म्हणाली, "तांदूळ."

मग आम्ही तिघंही दाराकडे पळालो.

गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. तिथीच्या दिवशी दारात रांगोळी चालत नाही. रांगोळी दिसली की पितर उंबऱ्यातून परत जातात, उपाशी. आणि हे तर जिवंतपणीही एवढ्यातेवढ्यावरून पानावरून उठायचे.

शनिवारी घासायला बसले. काथ्यानं घासलं, चिंचेनं, सोड्यानं, रॉकेलनं. कोलम उजळला.

"जाणार नाही आई," व्यंकू म्हणाला. "पावसापाण्यातही टिकतो असं डब्यावर लिहिलंय."

"मग वरून दुसरा रंग दे."

गेरू आणला, तर पद्मा म्हणाली, "कोलमाला गेरू म्हणजे लग्नघरच की आई." मग सिमेंटचा रंग काढला आणि रोलर आणायला गेलो. व्यंकूनं भिंतीचं काम झाल्यावर तो न धुता ठेवला होता. तांदळाची खळ बसून असा कडक झाला होता की लाटणं म्हणून चालला असता.

रविवारी कोलमावर पोती अंथरली. भटजी आले, पायानं एक पोतं जरा सरकवलं, खाली बघितलं आणि रस्त्यात उतरून उभे राहिले.

"आज तिथी की मुंज?"

"झाकलंय ना," मी म्हटलं.

"झाकलंय म्हणजे पुसलंय का? पितरांना पोत्याखालचं दिसत नाही असं वाटतं तुम्हाला?"

"मग करायचं काय?"

भटजींनी ऊन बघितलं, घड्याळ बघितलं. "मागं दार आहे?"

आहे. मागच्या गल्लीत उघडतं, गाईम्हशींपलीकडे. भटजी धोतर वर धरून शेणातून वाट काढत आले. दर्भ, तीळ, केळीची पानं सगळं तिकडूनच आलं. पण माझा जीव पुढच्या दारात. हे जन्मात कधी मागच्या दारानं आले नाहीत. इथंच उभे असतील आणि कोलमातल्या चुका काढत असतील.

शेवटी मी ओट्यावर आले आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून म्हटलं, "अहो, इकडून नको. मागून या."

मामीनं मान वर केली. "कुणाशी बोलतेस?"

"यांच्याशी."

मामीनं पाय आत घेतले, वाट द्यावी तसे.

मागं परसात भिंतीवर पिंड ठेवला. व्यंकू हात जोडून, भटजी घड्याळ बघत. एरवी कावळा तासभर वाट बघायला लावतो. त्या दिवशी पान टेकतं न टेकतं तोच आला, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि खायला लागला. चिडल्यासारखा, पण पोटभर.

"आले?" पुढून मामीची हाक.

"आले," मी म्हटलं.

कोलम अजून तसाच आहे. मशीननं घासून काढतो म्हणून व्यंकू मागे लागलाय, पण त्यानं हातात मशीन घेतलं की मलाच धडधडतं. तेव्हा वाचणाऱ्यांना एवढीच विनंती, आमच्याकडे तिथीला येणार असलात तर मागच्या दारानं या. हेही तिकडूनच येतात.