जानरावचा सोमवार

जानराव क्रेनच्या शिडीवरून पडेल, ही भीती सत्यशीलेच्या मनातून काही केल्या जात नव्हती. तांदूळ निवडताना, शाळेत पोरांकडून पाढे म्हणून घेताना, लेकीची, जयाची वेणी घालताना, कधीही ती शिडी डोळ्यांपुढे येऊन उभी राहायची. कामगारांच्या घरच्यांना एकदा कारखाना पाहायला आत सोडलं होतं, तेव्हा तिनं ती पाहिली होती. सरळ, काळी, लोखंडी. वर छताला लागून क्रेनची केबिन, आणि खाली वितळलेल्या पोलादानं भरलेली भलीमोठी बादली. त्या केबिनीत बसून ती बादली उचलणारा माणूस म्हणजे आपला नवरा, हे पाहून तिचा ऊर भरून आला होता. आता तीच शिडी आठवली की तिला संताप यायचा. शिडी होती तेवढीच राहिली होती. जानराव मात्र दुप्पट झाला होता.

भिलाईत कारखान्याचा पाया खणत होते तेव्हा जानराव वर्ध्याकडच्या खेड्यातून माती वाहायला आला. तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता यायच्या. पुढे खलाशी, म्हणजे जड सामान हलवणारा मजूर झाला, मग रशियन साहेबांच्या हातवाऱ्यांवरून क्रेन चालवायला शिकला. पगार ठरलेला, रेशन ठरलेलं, क्वार्टरमध्ये नळाचं पाणी. आणि डब्याच्या सुट्टीत एकाच बाकावर बसणारे चार प्रांतांचे लोक. कोणी पुरी पुढे करायचं, कोणी दहीभात, कोणी तिखट लोणचं. गावात ज्याला लांबून भाकर टाकायचे, त्याला इथं लोक स्वतःच्या डब्यातलं देत होते. जानरावनं कुणालाच कधी नाही म्हटलं नाही. चाळिशी ओलांडली तोवर शर्टाची खालची बटणं लागेनाशी झाली.

त्याच्या आईला, गिरजाबाईला, त्या पोटाचं कोण कौतुक!

"आमच्या घरात कोणाले पोट सुटलं नवतं, बाई," ती शेजारणींना सांगायची. "माहा मालक वाळल्या काडीसारखा गेला. लेकाचं पाहा, कसं सावकारावानी दिसते!"

सत्यशीला नागपुरात बी.ए. झालेली. सासूला उलटून बोलत नसे, पण हे ऐकलं की तिच्या हातातलं भांडं जरा जोरातच आपटायचं.

मग एक दिवस जानराव केबिनीच्या दारात अडकला. खालून शॉपमधले, म्हणजे त्या विभागातले लोक हसले, फोरमनही हसला. पण आत गेल्यावर जानरावला इतका दम लागला की बराच वेळ क्रेन हललीच नाही. मग मात्र कुणी हसलं नाही. फोरमननं त्याला डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टर म्हणाले, ब्लड प्रेशर वाढलं आहे, पोट उतरलं पाहिजे. पावसाळा संपला की पुन्हा तपासणी. तेव्हा दम टिकला नाही तर क्रेन बंद, स्टोअरमध्ये बसून काम.

"भात कमी, तळलेलं बंद, रोज चालायचं," डॉक्टरांनी बजावलं. "आणि वेळेवर जेवायचं. उपाशी राहून पोट उतरवायला जाल, तर वर चक्कर येईल."

घरी येऊन जानरावनं हे सगळं सांगितलं. मग म्हणाला, "माह्या बापाले विहिरीच्या पायरीवर चढू नाही दिलं. मी साऱ्या शॉपच्या डोक्यावर बसून काम करतो. मले स्टोअरात नको बसवू देऊ, सत्या."

त्यानंतर सत्यशीलेनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. तेलाची बरणी वरच्या फळीवर गेली. भाताऐवजी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, पातळ वरण, मुळा, काकडी, ताक. गिरजाबाई पहिले काही दिवस रुसून बसली. "कमावत्या लेकाले हिरवा पाला खाऊ घालून राहिली. गाय हाय का तो?" जानराव मुकाट्यानं खायचा. सकाळी अंगणातल्या खांबाला धरून उठाबशा काढायचा, मग जुन्या वस्तीजवळच्या तळ्याला फेऱ्या मारायला जायचा. नव्या कॅनव्हासच्या बुटांनी टाच सोलून निघायची, म्हणून बूट हातात धरून अनवाणीच चालायचा. सोमवारी त्याची साप्ताहिक सुट्टी. अंगमेहनत नाही म्हणून त्या दिवशी दुपारी पोटभर जेवून रात्री नुसतं ताक घ्यायचा. पोट हळूहळू उतरत होतं. कमरेच्या पट्ट्याला एकदा खिळ्यानं नवं भोक पाडावं लागलं, तेव्हा तो जयाला उचलून घेऊन घरभर नाचला.

आणि इथंच माणसांना पोटशूळ उठला.

तळ्याच्या काठी महादेवाचं देऊळ होतं. वार सोमवार, रात्रीचं जेवण नाही, देवळावरून फेऱ्या, त्याही अनवाणी. कुणीतरी पाहिलं, कुणाला तरी सांगितलं. रविवारी वस्तीच्या बौद्ध मंडळात वंदनेनंतर सगळे बसले असताना मंडळाचा चिटणीस नरहरी खाकरला.

"जानरावभाऊ, एक विचारायचं होतं. सोमवारी तुमी जेवत नाही म्हणे?"

"दुपारी जेवतो. रातचं नाही जेवत."

"आन् तळ्याले फेऱ्या मारता. अनवाणी."

"जोडा चावते मले."

मागच्या बाजूला हशा पिकला. नरहरी हसला नाही. "काठावर देऊळ कोणाचं हाय, ठाऊक हाय ना?"

"देऊळ त्याच्या जागी हाय, नरहरी. मी माह्या पोटाच्या मागं लागलो हावो."

"मंग आपण नागपूरले जाऊन दीक्षा कायले घेतली? उपास-तापास, देव-देवळं सोडासाठीच ना? तुमच्यासारखा माणूस असा वागला तर पोरायनं काय शिकावं?"

जानरावचा चेहरा पडला. सत्यशीला उभीच राहिली.

"नरहरीभाऊ, सोमवार त्यांच्या सुट्टीचा वार आहे. तुम्ही टाइम ऑफिसात बसता, सगळ्यांच्या हजेऱ्या-सुट्ट्या लिहिता, तुम्हाला ठाऊक नाही? डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ते चालतात. केबिनीच्या दारात अडकले तेव्हा मंडळातला एकजण तरी विचारायला आला होता का?"

"वहिनी, तुमी शिकलेल्या हात. मी कुठं माह्या मनचं बोललो? लोक बोलून राहिले, ते म्या सांगितलं."

लोक! सत्यशीलेचं डोकं भणभणलं. हे लोक कुठे राहतात, त्यांना नाव-गाव असतं की नाही? पण जानरावनं तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. घराशी आल्यावर म्हणाला, "दीक्षा घेतली तवा माह्या मायनं देव्हारा सोताच्या हातानं नदीत सोडला. तिच्या लेकावर हा डाग? नाही चालत."

पुढच्या सोमवारी तो फेऱ्या मारायला गेला नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, जयाला सोबत घेऊन पावर हाउस भागातल्या बाजारात गेला आणि हॉटेलाच्या अगदी दर्शनी बाकावर बसून जिलेबी खाल्ली. वर समोसे. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून मारून खाल्ले. नरहरी सायकलवरून जाताना दिसला तेव्हा हा ओरडला, "ये नरहरी! सोमवार सोडून राहिलो, पाहून घे!"

हे सगळं जयानं घरी येऊन सांगितलं. तिला वाटलं, बाबा खूश आहेत.

"हे काय करून राहिले तुम्ही?" सत्यशीलेनं दारातच विचारलं.

"खाऊन राहिलो."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरले म्हणा, मंडळात येऊन सांग."

"नरहरीला दाखवायला तुम्ही स्वतःचा जीव घालवाल? क्रेन जाईल त्याचं काय?"

"क्रेन नाही जात. तू कायले बोंबलतं? तपासणीत पोट दिसलं तर मले म्हण."

त्यानंतर प्रत्येक सोमवार असाच गेला. आणि नवल असं की पोट वाढलं नाही. उलट पट्ट्याला आणखी एक भोक पडलं. गाल बसले, डोळ्यांखाली काळं आलं. सत्यशीलेला वाटलं, आठवड्यातले बाकीचे दिवस आपला डबा काम करतो आहे. तिला आपल्या भाकरीचा अभिमानसुद्धा वाटला. पुढे तो अभिमान आठवला की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

बुधवारी सकाळी जानराव पहिल्या पाळीला निघून गेला होता. सत्यशीला शाळेला जायच्या घाईत होती आणि दारात केवलराम उभा. जवळच्या उतई गावचा माणूस, जानरावच्या क्रेनखाली बादलीला हुक लावायचं काम करणारा. त्याच्या हातात त्यांच्याच घरचा डबा होता.

"भाभी, आज मेरा ऑफ है। कल डब्बा मेरे पास रह गया था, सोचा लौटा दूँ।" तो लाजत हसला. "आपकी ज्वार की रोटी खा-खाके मैं तो मोटा हो गया।"

"आप खाते हो?" सत्यशीलेच्या हातातली पिशवी खाली आली. "और वो?"

"भैया तो नमक का पानी पीते हैं। बोलते हैं, सोमवार को जो खाया, बाकी दिन में उतारना है।" मग तिचा चेहरा पाहून त्यानं जीभ चावली. "उन्होंने बताया नहीं?"

"और क्या नहीं बताया?"

केवलरामनं मान खाली घातली. काल शिडी उतरताना जानरावचा पाय सुटला होता. खालच्याच पायऱ्यांवर होता म्हणून केवलरामनं धरला. वर असता तर धरायला कुणी नव्हतं.

"आणि तुम्ही रोज त्यांचा डबा खात बसलात?" ती मराठीतच ओरडली. "लाज नाही वाटली?"

"मना किया था, भाभी। दो बार मना किया। तो भैया बोले, नहीं खाएगा तो समझूँगा तू भी हमारे घर का छूता नहीं।" "इसके बाद कैसे नहीं खाता?"

सत्यशीलेनं राग काढावा तर कुणावर? नरहरीवर, ज्याला खरं ठाऊक असून लोकांचं तोंड उसनं घ्यावंसं वाटलं? या माणसावर, ज्यानं मैत्री राखायला भाकर खाल्ली? की त्या दुसऱ्या, अडमुठ्या माणसावर, ज्यानं एक डाग पुसायला सोमवारी पोट फुगवलं आणि बाकीचे दिवस ते जाळलं? चार चांगल्या भाकरी, एक चालण्याचा रस्ता, एवढंच तर होतं. तेवढंही सरळ होऊ दिलं नाही कुणी.

केवलराम गेला. चुलीपाशी बसलेल्या गिरजाबाईनं सगळं ऐकलं होतं. सावकारासारख्या लेकाबद्दल ती आज काही बोलली नाही.

"जयाचा आजा असाच गेला," ती विस्तवाकडे पाहत म्हणाली. "उपाशीपोटी झाडावर चढला होता, शेंगा पाडाले. उपाशी माणसानं खाली पाहिलं का गरगरते, बाई." मग लाकूड आत सारत म्हणाली, "जा. काय करायचं ते कर."

सत्यशीला निघाली. वाटेत डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तपासणी परवा, शुक्रवारी. आणखी दोन दिवस गप्प बसलं तर जानराव बहुधा पास होईल. पोट उतरलेलं आहे, डॉक्टरही खूश होतील, केबिन त्याची त्याला राहील. आणि फोरमनला सांगितलं, तर त्याला आजच खाली उतरवतील. चौकशी होईल. शॉपभर बोभाटा होईल, बायकोनं फोन करून नवऱ्याला क्रेनवरून उतरवलं. कदाचित स्टोअर. कदाचित तो तिच्याशी महिनोन्‌महिने बोलणार नाही. मले स्टोअरात नको बसवू देऊ, असं त्यानं तिलाच सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही.

पण आज केवलराम शिडीखाली नव्हता.

शाळेच्या फाटकाशी ती थांबली. लांबून चिमण्यांचा धूर दिसत होता, रोजच्यासारखाच. त्याखाली कुठेतरी तो पोटात मिठाचं पाणी घेऊन वर बसला होता आणि आता डब्याच्या सुट्टीला उतरणार होता, मग पुन्हा चढणार होता. न बोलू दे महिनोन्‌महिने. समोर बसून न बोलू दे. ताटावर बसून रागानं भाकर मोडू दे, पण मोडू दे.

मुख्याध्यापिका कमलिनीबाईंना शाळेच्या फोनवर घरगुती बोलणं मुळीच खपत नसे. सत्यशीला तडक त्यांच्या खोलीत शिरली.

"अहो, वर्ग सुरू व्हायचाय तुमचा," कमलिनीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, मला कारखान्यात फोन लावायचा आहे. फोरमनला," सत्यशीला म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तरी लावणार आहे."