बोंबलांच्या दोरीवरचा सदरा

“सदरा सुकला म्हंजे त्यो आता न्हाय. मंग चर्चात मयताची मिस्सा सांगायची,” मावशीची शेजारीण आईच्या कानात म्हणाली.

आज गॅलरीत खाऱ्या, दमट कापडाचा वास आला आणि महायुद्धाआधीची, उत्तनच्या कोळीवाड्यात मावशीकडे घालवलेली ती नाताळची सुट्टी आठवली. मावशीचा नवरा होडीसकट बेपत्ता होता. त्याचा सदरा तिने समुद्रात बुडवून बोंबलांच्या दोरीवर टाकला होता. खारं कापड हवेतली ओल ओढतं, म्हणून तो कित्येक दिवस ओलाच राहिला होता. पण त्या सकाळी जमिनीवरून कोरडा वारा सुटला. बाह्या भरून वर उचलल्या गेल्या, जणू कोणी हात घालत होतं.

“तू विंग्रजी शालंतली, खोटं न्हाय बोलायची. हात लावून सांग गो,” मावशी म्हणाली. तिचे डोळे सदऱ्यावर नव्हते, माझ्यावर होते.

चार दिवसांत मी त्या घरात धड बोलले नव्हते. मी हात लावला. कापड पापडासारखं कडक होतं, बोटांना मीठ लागलं. आतून मात्र ते उबदार होतं, आत्ताच कोणी अंगातून काढल्यासारखं. ती ऊब उन्हाची होती, असं आज वाटतं. तेव्हा मी हात झटकन मागे घेतला.

“ओला आहे, मावशी,” मी म्हणाले.