न पिणाऱ्याचा ग्लास

बोटीवर ऑफिसरांच्या मेसमध्ये वाइनचे ग्लास उलटे टांगलेले असायचे. इंजिन सुरू झालं की ते एकमेकांना हलकेच लागायचे आणि दिवसभर किणकिण चालायची. मी शेजारच्या गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, कांदा चिरत ती ऐकत असायचो. त्या ग्लासांना हात लावायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. ते पुसायला वेगळा माणूस होता.

पुढे बोटीवरची नोकरी सुटली. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका हॉटेलच्या भटारखान्यात हयात गेली, बायको गेली, आणि आता शहराला लागून असलेल्या डीमन गावातल्या फ्लॅटमध्ये मी एकटा राहतो. वरच्या मजल्यावर निखिल आणि केतकी राहतात. दोघं पुण्याची, दोघं आयटीत. अधूनमधून रविवारी दुपारी त्यांच्याकडे आम्ही चार माणसं जमतो, फ्रान्समधल्या एका छोट्या शेतावरची वाइन उघडतो आणि तिच्याबरोबर काय खावं यावर वाद घालतो. स्वयंपाक बहुतेक माझा.

या रविवारांचे किस्से कोणी जमवायला बसत नाही. ओट्याखालच्या खणात फुटलेल्या बरण्यांची झाकणं साठतात ना, तसे ते साठतात. एक दिवस खण उघडेनासा होतो, तेव्हा कळतं. मी बोलतो सावकाश. काकांचा किस्सा संपेपर्यंत बाटली संपते, असं निखिल म्हणतो. म्हणून लिहून काढले.

*

शेत सापडलं ते गाडी रुतल्यामुळे.

निखिल आणि केतकी सुट्टीत लुआर नदीच्या बाजूला फिरायला गेले होते. फोनने दाखवला त्या रस्त्याने गेले आणि द्राक्षाच्या दोन ओळींमध्ये चिखलात अडकले. मालक ट्रॅक्टर घेऊन आला. त्याचं नाव लूक. त्याने गाडी ओढून काढली, पण बदल्यात काही घ्यायला तयार होईना. केतकीला ओशाळल्यासारखं झालं. मी प्रवासासाठी दिलेला चकलीचा डबा तिने पुढे केला.

लूकने एक चकली तोंडात टाकली, जरा थांबला, आत गेला आणि फसफसणाऱ्या शेनिनची बाटली घेऊन आला. शेनिन म्हणजे तिकडचं पांढरं द्राक्ष. आपल्या नाशकाकडेही लावतात म्हणे. गाडीच्या बॉनेटवर ग्लास ठेवून तिघांनी डबा संपवला. तळलेलं खारट आणि फसफसणारं आंबट, यांचं जमतं हे आम्हाला कळलं ते असं.

डबा तिथेच विसरला. पुढे लूककडून मागवलेली वाइन आली, तेव्हा एका खोक्यात तो डबा होता. आत काठोकाठ अक्रोड भरलेले.

केतकी जिना उतरून धावत माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, डबा रिकामा परत करायचा नसतो, हे ह्याला कोणी सांगितलं?"

*

आमच्यातला चौथा मिलिंद. नागपूरचा. इथल्या विद्यापीठात पाण्यावर संशोधन करतो, शहराच्या झुइडओस्ट भागात राहतो.

पहिल्याच रविवारी त्याने ग्लासावर हात धरला. शांतपणे सांगितलं की तो बौद्ध आहे, पंचशील पाळतो, आणि पाचवं शील दारू न पिण्याचं आहे. मात्र वास घ्यायला आवडेल. निखिलला गप्प बसवत नाही. बाकीची चार पाळतोस का, असं त्याने विचारलं.

मिलिंद म्हणाला, "चौथं खोटं न बोलण्याचं आहे. म्हणून आजच्या तुझ्या बिर्याणीबद्दल मला काही विचारू नकोस."

मग त्याने शेनिनचा ग्लास उचलला आणि बराच वेळ नाकाशी धरला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो.

"गोधडी," तो म्हणाला. "धुऊन वाळत घातलेली, अजून पुरती न सुकलेली. आणि थोडा मध."

"म्हणजे फ्रान्सवरून आपण गोधडी मागवली," निखिल म्हणाला.

पण मग प्रत्येकाने ग्लासात नाक घातलं आणि प्रत्येकाला गोधडीच आली. केतकीने भीत भीत लूकला कळवलं. त्याचं उत्तर आलं की त्यांच्याकडचे जुने लोकही या द्राक्षाला ओल्या लोकरीचा वास असतो असंच म्हणतात. खाली एक ओळ होती, हा माणूस कोण आहे?

*

एकदा मी बांगडे तळले. रवा लावून, आमच्या मालवणकडे तळतात तसे. केतकीने त्या दिवशी लूकची तांबडी वाइन उघडली होती. काबेर्ने फ्रांक नावाच्या काळ्या द्राक्षाची.

सगळ्यांनी घास खाल्ला, मिलिंद सोडून सगळ्यांनी वर घोट घेतला. लगेच हात पाण्याकडे गेले. मीही घेतला होता. तोंडात गंजका खिळा ठेवल्यासारखं झालं. तांबडी वाइन आणि तेलकट मासा यांचं जमत नाही, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मला वाटलं, बांगडे शिळे निघाले. केतकीला वाटलं, बाटली वाईट निघाली. ती मला दुखवेना, मी तिला दुखवेना. दोघंही छान छान म्हणत होतो.

शेवटी मिलिंदने दुसरा बांगडा ताटात घेतला आणि म्हणाला, "मी एकटाच प्यायलेलो नाही, म्हणून मीच सांगतो. मासा उत्तम आहे. तुम्ही सगळे मात्र औषध घेतल्यासारखे दिसता."

तांबडीला आम्ही पुढच्या वेळी दुसरं स्थळ बघितलं. म्हणजे वांग्याचं भरीत, कांद्याची पात आणि भाकरी. वांगं भाजल्याचा धूर आणि ती वाइन एकमेकांना ओळखत असल्यासारखी वागली. बांगड्याला थोडी गोडसर शेनिन लागते. तेव्हापासून आमच्यात तेच चालतं.

*

मग लूक स्वतः आला. हार्लेमला छोट्या शेतकऱ्यांचा वाइनचा बाजार भरला होता. तो उरकून जेवायला डीमनला येणार होता. केतकीला एकच काळजी. मालक समोर बसलेला असताना न पिणारा माणूस टेबलावर कसा चालेल? मिलिंदच्या ग्लासात काळ्या द्राक्षांचा रस ओतून ठेवू, असं निखिलने सुचवलं. मिलिंदने त्याला चौथ्या शीलाची आठवण करून दिली.

लूक आला. हात मोठे, नखांत माती, बोलणं माझ्यासारखंच सावकाश. मिलिंदने त्याला सरळ सांगितलं की मी पीत नाही. लूकने मान डोलावली. म्हणाला की कामाच्या दिवशी तोही वाइन नुसती चाखतो, गिळत नाही, दिवसभर थुंकतच असतो.

मग त्याने कोटाच्या खिशातून दोन लहान बाटल्या काढल्या. दोन पिंपांमधली एकाच द्राक्षाची वाइन. यातली कुठली वेगळी भरावी, हे त्याला ठरवता येत नव्हतं. त्याने त्या मिलिंदपुढे ठेवल्या. मिलिंदने वास घेतला, पाणी प्यायला, खिडकीशी जाऊन आला, पुन्हा वास घेतला आणि डावीकडच्या बाटलीवर बोट ठेवलं.

त्यानंतर दर वसंतात लूककडून दोन लहान बाटल्या येऊ लागल्या. खोक्यावर केतकीचा पत्ता, पण नाव मिलिंदचं. आम्ही पिणारे लोक ते खोकं उघडतही नसू.

*

एका हिवाळ्यात मिलिंदला ताप आला. ताप गेला, आणि जाताना वास घेऊन गेला.

बरा होऊन तो रविवारी आला. केतकीने ग्लास पुढे ठेवला. त्याने तो नाकाशी धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला. कशी आहे, असं तिने विचारलं. एरवी आमच्याशी पुण्याचं मराठी बोलणारा तो माणूस म्हणाला, "काहीच नाही येऊन राहिलं."

निखिलने तो ग्लास उचलून आत नेऊन ठेवला.

वसंतात लूकच्या बाटल्या आल्या. मिलिंदने दोन्ही उघडल्या, दोन्ही बंद केल्या आणि या वेळी मला विचारू नका, असं कळवलं. लूकने त्या वर्षी दोन्ही पिंपं एकत्र केली.

मग मिलिंद येईनासा झाला. मी मेट्रो धरून झुइडओस्टला त्याच्या घरी गेलो. तो कोरड्या भातावर ठेचा घालून जेवत होता. तिखट तेवढं कळतं, म्हणाला. डॉक्टरने सांगितलं होतं की सकाळ-संध्याकाळ उग्र वास घेत राहा, येईल तर येईल. हे सांगताना तो भांडी घासत होता.

फडताळात मसाल्याची पाकिटं रचलेली होती. एवढी कशाला, मी विचारलं. म्हणाला, "आई पाठवते, काका. मसाला कसा झाला विचारते. मी खरं सांगतो, वास येत नाही. ती म्हणते, मग जुना झाला असेल, ताजा कांडून पाठवते."

मी बरण्या नेल्या होत्या. लवंग, लिंबाची साल, कॉफी, हिंग. त्याने एकेक उघडली. हिंगाच्या बरणीत नाक घालून जो माणूस स्वस्थ बसतो, त्याच्याकडे बघवत नाही. निघताना मी त्याला म्हटलं, रविवारी ये, मला कांदा चिरायला माणूस हवा आहे. येतो म्हणाला, पण माझ्यापुढे ग्लास ठेवू नका.

तो येऊ लागला. कांदा चिरायचा, जेवायचा, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा. ग्लास तीनच मांडले जायचे. त्या मांडणीकडे तो कधी बघत नसे, आणि आम्ही त्याच्याकडे.

*

आता शेवटचा.

लूकचे वडील गेले. त्यांनी केलेल्या जुन्या शेनिनच्या थोड्याच बाटल्या तळघरात उरल्या होत्या. त्यातल्या दोन त्याने आमच्याकडे पाठवल्या. वडिलांची आठवण म्हणून प्या, असा निरोप होता. केतकीने पांढरा टेबलक्लॉथ घातला. मी साधं वरण, भात, तूप आणि भरली भेंडी केली होती. अशा बाटलीसमोर फार मसाला नको.

पहिली बाटली उघडली. आम्ही तिघांनी आदराने घोट घेतला. जुन्या वाइनची खोली वेगळीच, असं केतकी म्हणाली. निखिल म्हणाला की वय झालं की असाच वास यायचा. मला विचाराल तर भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वास होता. पण मीही म्हातारा, तीही म्हातारी, असं म्हणून मी गप्प बसलो. केतकीने फोन उघडला आणि लूकला काय लिहायचं ते मोठ्याने जुळवू लागली. वडिलांच्या हाताची चव, वगैरे.

मी माझा ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता. मिलिंद तिथेच खुर्चीत बसून बाहेर कालव्याकडे बघत होता.

त्याने मान वळवली. आधी माझ्याकडे, मग ग्लासाकडे.

त्याने ग्लास उचलला, नाकाशी नेला. दूर धरला. पुन्हा नेला. मग उठला, टेबलावरची बाटली घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन सगळी बेसिनमध्ये ओतली. केतकी अर्धी उठली होती, तशीच राहिली. मिलिंदने नळ सोडला. दुसरी बाटली घेतली, खणातून ओपनर काढला, बूच ओढलं. बुचाचा वास घेतला. मग स्वच्छ ग्लासात थोडी ओतली आणि तिथेच ओट्यापाशी, आमच्याकडे पाठ करून, कितीतरी वेळ उभा राहिला.

बाटली त्याने आणून केतकीपुढे ठेवली. तो ग्लास माझ्यापुढे ठेवला. मी नाक लावलं. पुठ्ठा नव्हता, म्हणजे पहिली बाटली खराब बुचाने नासली होती; इथे ऊन होतं, मध होता, गोधडी होती.

मी वर बघेपर्यंत त्याने दाराजवळचं जॅकेट घेतलं होतं. अंगात घालायलाही तो थांबला नाही. खिडकीतून दिसलं, तो सायकलवर बसला नाही. तिचं हँडल धरून कालव्याच्या कडेने चालत निघाला, पावलोपावली थांबून हवेचा वास घेत.